छातीचं माप आधी, सीसी नंतर

ब्रेस्ट इम्प्लांट बसवायचं मनाशी पक्कं केलेल्या ट्रान्स स्त्रीचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: किती सीसीचे घेऊ? मैत्रिणीने ३५० चे घेतले, मुंबईतल्या ओळखीच्या कुणी ४५० चे घेतले, म्हणून आपणही तेवढेच. खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याआधी छातीची रुंदी, कातडीची जाडी, हार्मोन किती दिवस चालू आहेत, सर्जन कोण, आणि पाथर्डीसारख्या गावात राहत असाल तर ऑपरेशननंतर पुन्हा पुन्हा दवाखान्यात कसं पोचणार, हे ठरायला लागतं. ते ठरलं की सीसीचा आकडा दोन-तीन पर्यायांवर येऊन थांबतो. पुढचा क्रम तालुक्याच्या गावातून नगर-पुण्याला जाऊन हे काम करून घेणाऱ्या बाईसाठी लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट. सुईने छातीत पातळ सिलिकॉन भरून देणारे लोक आहेत. स्वस्तात, एका दुपारी, कुणाच्या तरी खोलीवर हे उरकतं. त्यांच्या वाटेला जाऊ नका. असं सुटं सिलिकॉन आत पसरतं, गाठी होतात, कातडी सडते, आणि ते रक्तात शिरून फुप्फुसात पोचलं तर जीव जातो. एकदा शिरलेलं सिलिकॉन पूर्ण बाहेर काढता येत नाही. आधीच कधी घेतलं असेल तर सर्जनला पहिल्याच भेटीत सांगा, लाजू नका. त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

हार्मोनला वेळ द्या

इस्ट्रोजेन सुरू झाल्यावर साधारण तीन ते सहा महिन्यांत छातीची वाढ जाणवू लागते आणि ती दोन-तीन वर्षं चालू राहते. म्हणूनच एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शनात इम्प्लांटआधी निदान दोन वर्षं हार्मोन घ्यावेत असं सुचवलेलं आहे. यात नुसतं थांबणं नाही. या काळात कातडी सैल होते, स्तनाग्राभोवतीचं वर्तुळ मोठं होतं, आत थोडी चरबी आणि ग्रंथी तयार होतात, आणि इम्प्लांट झाकायला हेच अस्तर लागतं. घाईने सपाट छातीवर बसवलेल्या इम्प्लांटची कड वरून दिसते. काही जणींना दोन वर्षांनी मिळालेली वाढच पुरेशी वाटते आणि ऑपरेशनचा खर्च वाचतो, हेही लक्षात ठेवा.

हार्मोन मात्र डॉक्टरच्या हातूनच. मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं आणून दिवसाला चार-चार खाणं फार चालतं. त्या गोळ्यांतलं इथिनिल इस्ट्रॅडिऑल मोठ्या मात्रेत घेतलं की रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, आणि ऑपरेशनच्या आसपास तो दुप्पट महाग पडतो. एंडोक्रायनॉलॉजिस्टसाठी नगरपर्यंत जावं लागलं तरी जा. एकदा औषध बसलं की दर तीन-चार महिन्यांनी रक्त तपासून घेणं पाथर्डीतूनही जमतं.

याच काळात तंबाखू सोडायची. सिगारेटच नव्हे, मिश्री आणि गुटखासुद्धा. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, जखम भरत नाही, टाके उघडतात. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर निदान चार ते सहा आठवडे पूर्ण बंद हवी. सकाळी मिश्री लावल्याशिवाय जिचा दिवस उजाडत नाही तिच्यासाठी ही या सगळ्यातली अवघड पायरी आहे, म्हणून ती शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

कागद आणि पैसे

जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारं तृतीयपंथी ओळख प्रमाणपत्र आणि कार्ड हाताशी नसेल तर काढून ठेवा. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवरून होतो. हे पोर्टल नोव्हेंबर २०२० पासून सुरू आहे. कोणती कागदपत्रं लागतील ते त्या दिवशीच्या नियमानुसार नगरच्या समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. २०१९ च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये शस्त्रक्रिया आणि हार्मोन उपचार यांची सोय करणं ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने आयुष्मान भारतमध्ये तृतीयपंथीयांसाठी वर्षाला ५ लाखांचं संरक्षण जाहीर केलं. पण जाहीर होणं आणि तुमच्या ऑपरेशनला मंजुरी मिळणं यात अंतर आहे. १४५५५ वर फोन करून कोणत्या रुग्णालयात नेमकी ही शस्त्रक्रिया त्या योजनेत होते ते विचारा, आणि रुग्णालयाकडून लेखी मंजुरी आल्याशिवाय तारीख पक्की करू नका.

खाजगीत करायचं असेल तर एकच आकडा ऐकून घरी येऊ नका. इम्प्लांटची जोडी, सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली, औषधं, सर्जिकल ब्रा, तपासण्या हे सगळं वेगवेगळं लिहून मागा. कॉस्मेटिक म्हणून बिल झालं तर जीएसटी लागतो, तो धरला आहे का बघा. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: पहिल्या वर्षात पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर पैसे कोण देणार? याचं उत्तर सर्जनकडून कागदावर घ्या. व्याजाने पैसे काढून किंवा ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन करणार असाल तर सहा आठवडे कमाई बंद राहील हेही त्या हिशेबात घाला.

नोकरी असेल तर रजेचा अर्ज आधी, लेखी द्या आणि पोच घ्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावला पोलीस असलेल्या ललित साळवे यांनी २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, तेव्हा खात्याने ती आधी नाकारली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात त्यांची पहिली शस्त्रक्रिया झाली. त्यांची वाट तुमच्या उलट दिशेची होती. पण आपल्या भागातल्या माणसाची ही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयातल्या सर्जननी केली, हे विसरू नका. पुण्यातलं ससून असो की मुंबईतली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, तिथल्या प्लास्टिक सर्जरी विभागात एक चक्कर मारल्याशिवाय खाजगीचा ॲडव्हान्स भरू नका.

सर्जन

पदवी बघा: प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी. नाव आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत तपासता येतो. ‘कॉस्मेटिक क्लिनिक’ची पाटी म्हणजे पदवी नव्हे. भूलतज्ज्ञ ऑपरेशनभर थिएटरमध्ये असणार का, रात्री काही झालं तर अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, हेही विचारा.

मग फोटो मागा. सिसजेंडर बायकांचे नव्हे, ट्रान्स रुग्णांचे, आणि तुमच्यासारख्या अंगकाठीच्या. पुरुषी हार्मोनवर वाढलेली छाती रुंद असते, स्नायू जाड असतो, स्तनाग्रं लहान आणि एकमेकांपासून लांब असतात, आणि स्तनाग्रापासून छातीखालच्या घडीपर्यंतचं अंतर कमी असतं. ज्या सर्जनने हे हाताळलेलं नाही तो नेहमीच्या मापाचे इम्प्लांट बसवून मोकळा होईल. अशा किती जणींचं ऑपरेशन केलं आणि त्यातल्या किती जणींना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, हा प्रश्न सरळ विचारा. चांगला सर्जन चिडत नाही.

बहुतेक ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र मागतात. ते सिव्हिल हॉस्पिटलमधूनही मिळू शकतं. एचआयव्हीचं औषध चालू असेल तर लपवू नका, गोळ्या बंद करू नका. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने त्या कारणावरून उपचार नाकारायला मनाई आहे. केसपेपरवर कोणतं नाव लिहिणार आणि कोणत्या वॉर्डात ठेवणार, हे भरती होण्याआधी ठरवून घ्या. भुलीतून उठल्यावर त्यावर वाद घालायची ताकद नसते.

पूर्वी ट्रान्स रुग्णांसाठी पुण्यात, कल्याणमध्ये आणि हैदराबादला मित्र क्लिनिक होती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेची मदत थांबली आणि ही क्लिनिक बंद पडली. त्यामुळे चौकशीचं काम आता ज्याचं त्याला करावं लागतं. मुंबईच्या हमसफर ट्रस्टकडे सल्ला मागता येतो. ज्यांचं ऑपरेशन होऊन निदान दोन वर्षं झाली आहेत अशा बायकांशी गाठ घालून द्या म्हणावं. दोन महिन्यांपूर्वीचा फोटो सगळ्यांचाच छान असतो.

घरी करायचं माप

सर्जनकडे जाण्याआधी हे घरी करून बघा. दोन पातळ नायलॉनचे मोजे घ्या. दूधवाल्याचं पाव लिटरचं माप घेऊन त्यात तांदूळ काठोकाठ, सपाट भरा, शीग लावू नका. हे झाले २५० सीसी. एक-एक माप एकेका मोज्यात ओता, हवा काढून गाठ मारा, आणि थोडं दाबून भाकरीच्या गोळ्याइतकं चपटं करा. न पॅड लावलेल्या, मऊ ब्रामध्ये हे बसवा आणि वरून रोजचा ब्लाउज किंवा ड्रेस घाला. मोजायचं मापाने, तराजूने नाही, कारण तेवढ्याच आकाराच्या इम्प्लांटपेक्षा तांदूळ हलका भरतो.

आता आरशासमोर उभं राहून भागत नाही. घर झाडा. ओट्याशी उभं राहून स्वयंपाक करा. खाली वाकून हंडा उचलायचा आव आणा, मोटारसायकलवर मागे बसून बाजारात जाऊन या. पहिल्या तासात छोटं वाटलेलं माप संध्याकाळी मान अवघडवतं. दुसऱ्या दिवशी ५० सीसीची, म्हणजे ५० मिलिलिटरची भर घालून पुन्हा तेच करा, तिसऱ्या दिवशी आणखी ५०. प्रत्येक वेळी समोरून आणि बाजूने फोटो काढा, त्यावर आकडा लिहा. आत बसल्यावर, विशेषतः स्नायूखाली, तेवढंच माप ब्रामधल्यापेक्षा थोडं कमी दिसतं, हे सर्जनला फोटो दाखवताना धरून चला. शिंप्याकडून किंवा मैत्रिणीकडून छातीचं आणि छातीखालचं घेर-माप घेऊन तेही त्याच कागदावर लिहून ठेवा.

ओपीडीत

तपासणीत सर्जन टेप आणि कॅलिपर काढतात. छातीच्या मधल्या हाडाच्या कडेपासून काखेच्या पुढच्या रेघेपर्यंतची रुंदी, दोन स्तनाग्रांमधलं अंतर, स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर, कातडी किती ताणते, आणि वरच्या भागात चिमटीत किती जाडी येते. सगळे आकडे सेंटिमीटरमध्ये लिहून मागा. कुणी नुसतं डोळ्याने बघून ‘चारशे छान दिसतील’ म्हणालं तर दुसरा सर्जन शोधा.

इम्प्लांटचा व्यास तुमच्या छातीच्या रुंदीपेक्षा किंचित कमी हवा. एकाच ३०० सीसीचे इम्प्लांट चपटे-रुंद मिळतात आणि अरुंद-उंचही. त्याला प्रोफाइल म्हणतात. १४ सेंटिमीटर रुंदीच्या छातीवर ११ सेंटिमीटरचं उंच प्रोफाइल बसवलं तर दोन सुटे गोळे दिसतात. म्हणून रुंद छातीला अनेकदा मध्यम प्रोफाइल शोभतं, आणि रुंदी भरायला सीसी थोडे जास्त लागतात. सीसी असा मागून येतो.

आता एक कडू गोष्ट. दोन्ही स्तन मध्ये जवळ यावेत, खोलगट रेघ दिसावी अशी इच्छा जवळजवळ प्रत्येकीची असते. पण इम्प्लांटचा मध्य स्तनाग्राच्या खाली यावा लागतो, आणि तुमची स्तनाग्रं लांब लांब असली तर मधली जागा मोकळी राहणारच. इम्प्लांट आत ढकलले तर स्तनाग्रं बाहेर, काखेकडे बघू लागतात. मधला स्नायू फार सोडवला तर दोन्ही कप्पे एक होतात, आणि ते दुरुस्त करणं फार कठीण असतं. मधली रेघ ब्राने आणता येते, शस्त्रक्रियेने ओढूनताणून आणू नये, असं माझं ठाम मत आहे. तसंच खालची घडी फार खाली उतरवून मोठा इम्प्लांट बसवला की तो काही वर्षांत खाली घसरतो.

स्नायूच्या वर की खाली, हे चिमटीवर ठरतं. वरच्या भागात चिमटीत २ सेंटिमीटरपेक्षा कमी येत असेल तर बहुतेक सर्जन इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखाली ठेवतात, म्हणजे कड झाकली जाते. त्याची किंमत अशी की छातीचा स्नायू आवळला की इम्प्लांट हलतो, आणि सुरुवातीला दुखतंही जास्त. ऊसतोड, पाणी शेंदणं, डोक्यावर ओझं, किंवा बधाईला जाऊन दिवसभर टाळी वाजवणं, या सगळ्यात हाच स्नायू लागतो. तुम्ही रोज काय काम करता ते सर्जनला तपशिलाने सांगा. हार्मोनने अस्तर चांगलं तयार झालं असेल तर स्नायूच्या वर बसवणं तुम्हाला सोयीचं पडू शकतं.

चिरा बहुधा छातीखालच्या घडीत, चार-पाच सेंटिमीटरचा देतात. स्तनाग्राच्या कडेने चिरा द्यायला ते वर्तुळ पुरेसं मोठं लागतं; ट्रान्स स्त्रियांत ते बहुधा लहान असतं. काखेतून चिरा दिला तर छातीवर वण राहत नाही, पण खालची घडी नीट बसवायला तो मार्ग कठीण. ज्या चिऱ्यात तुमच्या सर्जनचा हात बसलेला आहे तो घ्या.

डब्यातलं काय बघायचं

आत भरलेलं सिलिकॉन जेल की मिठाचं पाणी, हा पहिला फरक. पाण्याचं फुटलं तर लगेच बसतं आणि कळतं, पण पातळ अंगावर त्याच्या सुरकुत्या जाणवतात. आजचं जेल घट्ट लावलेल्या दह्यासारखं असतं, कापलं तरी वाहून जात नाही. पण म्हणूनच ते आत फुटलेलं बाहेरून कळत नाही. नमुने हातात घेऊन दाबून बघा.

दुसरा फरक पृष्ठभागाचा: गुळगुळीत की खरखरीत. इथे मी गुळगुळीत, गोल इम्प्लांटच्या बाजूने आहे. खरखरीत पृष्ठभागाशी एक दुर्मीळ लिम्फोमा जोडला गेला आहे, बीआयए-एएलसीएल नावाचा, आणि त्याच कारणाने २४ जुलै २०१९ रोजी अमेरिकेच्या एफडीएच्या सांगण्यावरून ॲलरगनने आपले बायोसेल खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत घेतले. थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट आत फिरू नयेत म्हणून बहुतेक खरखरीतच असतात. कुणी तसे सुचवले तर कारण विचारा.

डबा सीलबंद आहे का, भारतात आयात परवाना असलेल्या कंपनीचा आहे का, बिलावर नाव, मॉडेल आणि सिरीयल नंबर येणार का, हे बघणं म्हणजे संशय घेणं नव्हे. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने वर्षानुवर्षं औद्योगिक सिलिकॉन भरून इम्प्लांट विकले. २०१० मध्ये हे उघड झालं, आणि जगभरच्या लाखो बायकांना आपल्या छातीत नेमकं काय आहे ते शोधावं लागलं. ज्यांच्याकडे कार्ड होतं त्यांना ते कळलं. दोन्ही बाजूंचे स्टिकर लावलेलं इम्प्लांट कार्ड घेतल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. त्याचा फोटो मोबाईलमध्ये आणि झेरॉक्स आधारच्या पिशवीत.

तारीख आणि परतीचा रस्ता

दिवाळीनंतरचा थंडीचा काळ निवडा. सहा आठवडे दिवसरात्र घट्ट सर्जिकल ब्रा घालायची असते, आणि पाथर्डीच्या एप्रिल-मेमध्ये घामाने टाक्यांखालची कातडी सोलवटते. तालुक्यातल्या मोहट्याची नवरात्रातली यात्रा किंवा मढीची होळीपासूनची यात्रा तुमच्या कमाईचा किंवा मानाचा काळ असेल तर हे सहा आठवडे त्या काळात येणार नाहीत असं गणित घाला.

ऑपरेशन झाल्यावर लगेच घरी निघू नका. पुण्यात असाल तर निदान आठवडा-दहा दिवस तिथेच कुणाकडे राहा, पहिली पट्टी आणि तपासणी होऊ द्या. सोबत एक माणूस हवंच, आई, बहीण, गुरुबहीण, कुणीही, जी रात्री उशी लावून उताणं झोपवेल आणि केस विंचरून देईल, कारण हात खांद्याच्या वर न्यायचे नसतात. परतताना एसटीच्या मागच्या सीटवर बसून करंजी घाट उतरू नका. गाडी करा, पुढे बसा, छातीवर पातळ उशी धरा. घरी आल्यावर दोन-तीन किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही. पाण्याचा हंडा, गॅस सिलिंडर, भाचरं, सगळं दुसऱ्याकडे. टाळीही नाही. काम किती आठवड्यांनी सुरू करायचं ते सर्जनच सांगतील, साधारण सहा धरा.

डिस्चार्जचा कागद घेऊन पाथर्डीतल्या एका डॉक्टरला आधीच भेटून ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत एकच बाजू झपाट्याने सुजून टणक झाली तर आत रक्तस्राव झाला असेल. ताप, लाली, पू म्हणजे जंतुसंसर्ग. पोटरी सुजली किंवा धाप लागली तर रक्ताची गुठळी. यातलं काहीही झालं तर वाट न बघता वाटेतून सर्जनला फोन लावत थेट नगरच्या मोठ्या रुग्णालयात जा.

पुढची वर्षं

इम्प्लांट आयुष्यभराचे नसतात. शरीर त्यांच्याभोवती आवरण तयार करतं. काही जणींत ते आकसतं, छाती कडक होते, दुखते, आणि इम्प्लांट काढावा किंवा बदलावा लागतो. पंचविशीत बसवले तर पुढे आणखी एका ऑपरेशनचे पैसे आतापासून बाजूला टाकायला लागा. जेलचे इम्प्लांट असतील तर पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी, मग दर दोन-तीन वर्षांनी, असा एफडीएचा सल्ला आहे. हार्मोन पाच वर्षांहून जास्त झाले आणि वय पन्नाशीकडे आलं की मॅमोग्राफीबद्दल डॉक्टरांशी बोला, आणि मशीनवर उभं राहण्याआधी तंत्रज्ञाला इम्प्लांट आहेत हे सांगा, म्हणजे ते मागे सारून चित्र घेतात. बरीच वर्षं सगळं ठीक असताना एक बाजू अचानक फुगली, तर ती बारीक बाब समजून घरगुती लेप लावू नका. कार्ड घेऊन सर्जनकडे जा आणि आत साठलेलं पाणी काढून त्याची तपासणी करा असं स्पष्ट सांगा.